सरजाबाईचे घोटे

सरजाबाईचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर तिनं कधी लावला नाही. त्र्याण्णव साली तीन छप्पन्नला जमीन हलली होती. त्या मिनिटाला आपण झोपेत सापडायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं आणि अंगाला ते वळण पडलं होतं. पावणेचारला डोळे उघडायचे. चौकट धरून ती उभी राहायची, चार वाजेस्तोवर तशीच. मग चूळ भरून मेसकडे निघायची.

मेस विरूपाक्षअप्पाची. लातुरात ट्यूशनवाल्यांच्या पाट्या ज्या रस्त्यावर लागतात त्याच्या मागच्या गल्लीत. इस्लापूरपासून देवणीपर्यंतची पोरं अकरावी-बारावीला इथं येऊन पडायची. सहाची बॅच असली की पोरं डबा घेऊनच निघायची, म्हणून तवा सव्वाचारला तापायचा. डबे दीडशे. डब्यात चार चपात्या. सकाळच्या सहाशे, संध्याकाळच्या सहाशे. लाटायला सरजाबाई, भाजायला दुसरी एक बाई. चोवीस किलो कणीक सहा-सहाच्या चार खेपांत मळायची, तीही सरजाबाईच.

चपाती हातानं लाटली जाते असं ज्यांनी दोन-चारच लाटल्या त्यांना वाटतं. सहाशे लाटायच्या तर लाटणं खांद्यानं फिरतं, आणि खांद्याला जोर टाचेतून येतो. अप्पानं शहाबादी फरशीचा ओटा मुद्दाम कमरेइतका उंच करून घेतला होता. एका चपातीला पंचवीस सेकंद. तेवढ्यात पाय हलवायचं काम नाही. उलट पाय हलला की चपाती एका अंगाला जाड होते. सरजाबाई सकाळी चार-साडेचार तास आणि दुपारनंतर तेवढेच तास एका फरशीवर उभी असायची. त्या फरशीवर तिच्या टाचांच्या जागी दोन गुळगुळीत डाग पडले होते. मधल्या वेळेत भाजी निवडणं, ओटा धुणं. तेही उभ्यानंच.

अशी तेरा वर्षं.

पाय दुसऱ्या वर्षापासून सुजायला लागले. आधी संध्याकाळचे, मग दुपारचे, मग सकाळीही तसेच. चप्पल पाच नंबरची होती, ती सहाची झाली, सातची झाली, शेवटी तिनं पुरुषांची आठ नंबरची घेतली आणि तिचा पट्टा ब्लेडनं कापला. घोट्याचं हाड दिसेनासं झालं. पोटरी सरळ तळपायात उतरायची, मुसळासारखी. नडगीवर अंगठा दाबला की खळी पडायची. ती भरायला किती वेळ लागतो हे ती चपात्यांवर मोजायची. सुरुवातीला एक चपाती लाटून होईपर्यंत खळी भरायची. मुलगी लुंबिनी बारावीत गेली त्या वर्षी तीन चपात्या झाल्या तरी खळी तशीच.

ती एकदा अप्पाला म्हणाली, "अप्पा, एक स्टूल द्या. उंच. बसून लाटते."

"सरजाबाई, बसलं की हात मंद होतो."

"न्हाई होणार."

"बरं, दाखवा."

त्यानं गल्ल्यामागचं स्वतःचं स्टूल आणून दिलं आणि समोर उभा राहिला. सरजाबाईनं बसून लाटलं. टाच जमिनीला टेकेना, खांद्यात जोर येईना. ज्या वेळात दहा व्हायच्या त्या वेळात सात झाल्या. तिनंच स्टूल उचलून परत नेऊन ठेवलं. अप्पा वाईट माणूस नव्हता. त्याला चपात्या हव्या होत्या. पण त्या दिवशी त्यानं एक सांगून ठेवलं: "पाय उचलंनात तर आधी बोला. एक वेळ बी पोरं उपाशी ठेवता येत न्हाईत मला. दुसरी बाई बघावी लागंल."

ते सरजाबाईच्या काळजात जाऊन बसलं. लुंबिनीची मेडिकलची सीईटी मे महिन्यात होती. क्लासचे हप्ते मेसच्या पगारातून जायचे, दोघींचं दोन वेळचं जेवण मेसचंच. म्हणजे काहीही झालं तरी मे महिन्यापर्यंत उभं राहायचं होतं.

उपाय तिनं कमी केले नाहीत. मेसमधल्या बाया सांगतील ते केलं. एरंडाची पानं गरम करून बांधली. आल्याचा काढा घेतला. घमेल्यात मिठाचं कोमट पाणी घेऊन संध्याकाळी अर्धा अर्धा तास पाय सोडून बसली. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुडघ्याखाली करकचून आवळल्या, तेव्हा तर बोटं जांभळी पडली. सरकारी दवाखान्यात रक्त, लघवी, छातीची पट्टी, सगळं तपासून झालं. काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी नीट विचारलं.

"उभं राहायचं काम आहे का?"

"हाव."

"रात्री झोपल्यावर उतरते का सूज?"

"न्हाई."

"पायाखाली उशी घेऊन झोपत जा. छातीपेक्षा पाय वर पाहिजेत."

"हाव," सरजाबाई म्हणाली.

गोळ्या दिल्या त्या लघवी जास्त होण्याच्या. ओटा सोडून तासातासाला जाणं परवडेना, चौथ्या दिवशी तिनं त्या बंद केल्या. डॉक्टरीणबाईंनी सहा-सात प्रश्न विचारले. पण तुम्ही आडव्या होता का, असं काही कुणी माणसाला विचारत नाही.

सरजाबाई आडवी होत नव्हती.

भूकंपाच्या साली ती औसा तालुक्यातल्या तिच्या सासरच्या गावात होती. दगड-मातीचं घर, वर दोन फूट मातीचं माळवद. घरात चौघं: नवरा व्यंकटी, सहा वर्षांचा आनंदराज, दोन वर्षांची लुंबिनी आणि ती. भूकंपाच्या आदल्या दिवशी गावात गणपती बुडवले होते. मिरवणुकीमागं धावून धावून आनंदराज दमून बापाजवळ झोपला. लुंबिनीला दाढा येत होत्या, ती किरकिर करत होती. बापलेकाची झोप मोडू नये म्हणून सरजाबाई तिला घेऊन दारात जाऊन बसली. पाठ चौकटीला, पाय बाहेरच्या पायरीवर. पोरगी मांडीवर निजली आणि बसल्या बसल्या तिलाही डुलकी लागली.

मग जमीन हलली. माळवद एकदम आत बसलं. चौकट राहिली.

माती उपसायला दुपार झाली. दोघं झोपले होते तसेच सापडले, आडवे. व्यंकटीचा हात पोराच्या अंगावर होता. सरजाबाईनं ते पाहिलं आणि त्यातून जे शिकायचं ते शिकली. जे आडवे होते ते गेले. जी दारात बसली ती राहिली, आणि तिच्या मांडीवरचं लेकरू राहिलं.

नंतर अडीच वर्षं पत्र्याच्या शेडात काढली. शेडला सगळं गाव शिव्या द्यायचं. उन्हाळ्यात तव्यावर बसवल्यासारखं व्हायचं, पावसात बोललेलं ऐकू यायचं नाही. सरजाबाई मात्र तिथं आडवी झोपायची. पत्रा पडला तर टेंगूळ येईल, यापलीकडं काय होणार? पुढं नव्या गावठाणात घर मिळालं. एक खोली, एक स्वयंपाकघर, सिमेंटच्या विटा, वर चार इंची स्लॅब. भूकंप आला तरी पडणार नाही असं इंजिनिअर लोकांना सांगून गेले. सरजाबाईनं पहिल्या रात्री आत अंथरूण टाकलं. वर पाहिलं. उठली आणि उंबऱ्यात जाऊन बसली. लुंबिनीला आत निजवलं, पण डोकं दाराकडं करून, आणि तिचं मनगट हातात धरून ठेवलं. हललं तर एका हिसक्यात बाहेर ओढता यावं म्हणून.

दोन महिन्यांनी त्या घराला कुलूप लावून ती लातूरला आली. लातुरात पत्र्याची खोली मिळाली नाही. अप्पानं मेसच्या मागची खोली दिली, ती स्लॅबची. तिथंही उंबरा होता.

म्हणजे दिवसभर ती ओट्याशी उभी, रात्रभर उंबऱ्यात बसून, पाय खाली. लुंबिनीला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच आया दारात झोपतात. पुढं कळलं की तसं नसतं, पण तोवर ते डोळ्यांच्या सवयीचं झालं होतं. चूल कोपऱ्यात असते, आई दारात असते.

दोन हजार आठच्या जूनमध्ये पोरांची गर्दी इतकी झाली की मागच्या खोलीत अप्पाला चार कॉट टाकायचे होते. सरजाबाईला दुसरी जागा बघावी लागली. ती मिळाली दोन घरं सोडून, रियाजभाईच्या अंगणात. रियाजभाई पिंजारी. आजोबांपासूनचा गादी-कारखाना. होस्टेलं वाढली तसं त्याचं काम वाढलं होतं. एका जूनमध्ये त्यानं दोन बाय सहाच्या चारशे गाद्या भरल्या. पुढं दुकान, मध्ये घर, मागं अंगण, अंगणाच्या टोकाला सरजाबाईची खोली, तीही स्लॅबची. त्याची बायको फरीदा सरजाबाईच्याच वयाची होती. बोलायला लागली की थांबत नसे.

पहिले तीन महिने दोघींची गाठ सकाळी जाता-येता पडायची तेवढीच, रात्रीची कधी नाही. सप्टेंबरात रमजान लागला. सहेरीचा स्वयंपाक करायचा म्हणून फरीदा साडेतीनला उठली आणि पाणी घ्यायला अंगणात आली. बघते तर खोलीच्या दारात सरजाबाई बसलेली. मान चौकटीला टेकलेली, पाय पायरीवर लोंबकळलेले, एक हात आत पोरीच्या मनगटावर.

"सरजा! अगे, काय झालं? तबियत ठीक हाय ना?"

सरजाबाईनं डोळे उघडले. "काय न्हाई भाभी. झोपले व्हते."

"बसून?"

"मंग?"

फरीदाला आधी हसू आलं. मग तिनं हातातली घागर खाली ठेवली. "कधीपासून असं झोपून राहिलीस?"

"ही पाच वर्सांची व्हती तवापून."

"या अल्ला," फरीदा म्हणाली आणि तिच्यापुढं उकिडवी बसली. सरजाबाईचा पाय तिनं सरळ हातात घेतला आणि अंगठा दाबला. "माझे पाय बी सुजतेत. रोजे, चूल, दिवसभर उभं. पर झोपून उठले की उतरतेत. मी रोज बघून राहिले, तुझे सकाळीच असे. म्हणलं हिला कुठला रोग हाय. अगे, रोग कुठला? तू ह्यांला रातभर बी खालीच लटकवून राहिलीस!"

आवाजानं लुंबिनी उठली. फरीदा काय म्हणते ते तिनं ऐकलं. त्याच आठवड्यात तिनं शिरांचा धडा पाठ केला होता. आकृती काढून दाखवली होती, मार्क पडले होते. ती आकृती दोन हातांवर तिच्यासमोर बसलेली होती आणि ते तिला दिसलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, पण तो निघाला आईवर.

"माय, पायातलं पाणी काय नळाचं हाय का, आपोआप वर चढायला? पोटरी हलली तर ते वर ढकललं जातं. तू दिवसभर एका जागी उभी. रात्री पाय खाली. त्याला वर जायला वाटच न्हाई दिली तू अकरा-बारा वर्सं. डॉक्टरनं सांगितलं व्हतं ना पाय वर घेऊन झोप म्हणून?"

"हाव."

"मंग?"

"मंग दारात कोण बसंल?" सरजाबाई म्हणाली.

फरीदाच्या घरातून मसाला करपल्याचा वास आला तेव्हा ती उठून पळाली.

ईद झाल्यावर रियाजभाईनं एक लोड भरून दिला. अडीच फूट लांब, हातभर जाड, कापूस असा दाबून भरलेला की पाय टाकला तरी दबत नव्हता. "बाई, होस्टेलच्या गाद्यांत मी कापूस जरा हात राखून भरतो, ते वरचा बघून राहिलाय," तो म्हणाला. "ह्या लोडात चोरी न्हाई."

पहिल्या दिवशी दुपारच्या मोकळ्या तासात खोलीतच प्रयत्न केला. फरीदानं चटई टाकली, लोड ठेवला, सरजाबाईला आडवं केलं आणि दोन्ही पाय उचलून लोडावर ठेवले. स्वतः शेजारी बसून राहिली. सरजाबाई वर बघत होती. स्लॅबला एक बारीक रेघ होती, फळ्यांच्या सांध्याची. त्या रेघेवरून तिची नजर हलेना. साठ-सत्तर आकडे मोजायला लागतात तेवढ्यात ती उठली, अंगणात गेली आणि ओकली.

"न्हाई जमत, भाभी. माझा पोरगा दिसतो."

फरीदानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

रियाजभाईनं रात्री जेवताना ऐकलं आणि सकाळी अंगणातली कापसाची गाठोडी हलवून एका कोपऱ्यात जागा केली. पाऊस संपला होता. "बाई, इथं झोपा. वर आभाळ हाय. ते कोसळलं तर आम्ही बी तुमच्यासंगं येतो, एकट्या न्हाई जाणार तुम्ही."

आडवं होणं तिथं जमलं. पण मन खोलीत, कारण लुंबिनी स्लॅबखाली. ती म्हणाली, "माय, माझा अभ्यास दारातच होईल. बल्ब दारात लावते. अकरापर्यंत मी बसते तिथं, तीनला परत उठते. मधले चार तास मीबी तुझ्याशेजारी बाहेर. मंग तर झालं?"

तसं सुरू झालं. पोरगी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसायची, तिच्या आईच्या जागी, चौकटीला पाठ लावून. सरजाबाई दहा हातांवर कापसाच्या गाठोड्यांत पडून तिच्याकडं बघायची. पाय लोडावर. पहिले आठ दिवस झोप लागली नाही. पाय वर असले की उठून पळायला दोन हालचाली जास्त लागतात, हे तिनं मोजलं होतं. नवव्या दिवशी झोप लागली ती पावणेचारपर्यंत.

दिवसाच्या कामातही लुंबिनीनं एक घातलं. पन्नास चपात्या झाल्या की दहा वेळा टाचा उचलायच्या, ओट्याला धरून. पोटरी हलली पाहिजे. सरजाबाईनं ते चोख केलं. भाजणारी बाई म्हणायची, "सरजाक्का नाचून राहिली की गं!" पन्नासाला दहा, सहाशेला एकशेवीस. अप्पानं दोन दिवस घड्याळ लावून पाहिलं. वेळ वाढला नव्हता, उलट शेवटच्या शंभर चपात्या लवकर होत होत्या.

खळी दोन चपात्यांवर आली. मग एकीवर. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी फरीदानं तिचा पाय उन्हात ओढला आणि ओरडली, "रियाज, अजी बघा! मुबारक हो, हिच्या पायात हड्डी हाय!"

डाव्या पायाचा घोटा वर आला होता. बोरासारखा. उजवा थोडा मागं होता. सरजाबाईनं त्यावरून बोट फिरवलं. मग पदरानं पाय झाकला. आठ नंबरच्या चपलेला तिनं आतून चिंधी शिवली, कारण ती आता निघून पडत होती.

मे महिना आला. सरजाबाई तोवर एक दिवस न चुकता उभी राहिली. सीईटी झाली. जूनमध्ये निकाल लागला. मेडिकलला जितके लागतात तितके मार्क पडले नाहीत. फार नव्हते कमी, पण कमी ते कमीच. सरजाबाईनं दोन दिवस विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"रातचं दारात बसून बसून कमी पडले का?"

"न्हाई माय. फिजिक्सनं कमी पडले."

हे खरं की आईसाठी म्हटलेलं, ते सरजाबाईला कधी कळलं नाही. आणखी एक वर्ष क्लास लावू, पैसे आहेत, असं ती म्हणाली. लुंबिनी नको म्हणाली. नांदेडला सरकारी नर्सिंगला नंबर लागला, फी नावापुरती, राहायला वसतिगृह. ती गेली.

आणि पाऊस सुरू झाला. अंगणात पाणी साचलं. रियाजभाईनं दोन बांबूंवर ताडपत्री बांधली, ती तिसऱ्या रात्री वाऱ्यानं उडाली. फरीदा म्हणाली, आमच्या घरात झोप, मी जागी राहते. पण ते घरही स्लॅबचंच. सरजाबाई लोड घेऊन आपल्या खोलीत गेली, लोड कोपऱ्यात उभा केला आणि उंबऱ्यात बसली. या वेळी धरायला कुणाचं मनगट नव्हतं. तरी हात आतल्या बाजूलाच ठेवायची.

पंधरा दिवसांत घोटे बुडाले. या वेळी सूज नुसती आली नाही, कातडी ताणून चकाकायला लागली. जुलैच्या शेवटी उजव्या नडगीवर फोड आला, फुटला आणि त्यातून पाणी झिरपायला लागलं. तिनं चिंधी बांधली. चिंधी दोन तासांत भिजायची. ओट्याखालची फरशी ओली दिसली तेव्हा अप्पाला वाटलं कणकेचं पाणी सांडलं. मग त्यानं चिंधी पाहिली.

त्याच महिन्यात चपातीचं मशीन आलं. तासाला चारशे. मशीनच्या चपात्या पोरांना आवडत नव्हत्या, चामड्यासारख्या लागतात म्हणायची, पण खायची.

"मला काढून राहिलाव का, अप्पा?"

"तसं न्हाई, सरजाबाई. जखम हाय पायाला. पोरांचे आईबाप येतेत मेस बघायला. नीट करून या, भाजी निवडायला ठेवतो."

नीट व्हायला पाय वर पाहिजे होते. पाय वर करायला आडवं व्हायला पाहिजे होतं.

लुंबिनी नांदेडहून आली. जखम धुतली, तळपायापासून वर गुडघ्याकडं पट्टी बांधली, आता तिला ते शिकवलेलं होतं. म्हणाली, "माय, माझ्यासाठी म्हणून जे पोस्टात ठेवलंस, त्याला मी हात लावणार न्हाई. तू तुझ्यासाठी छप्पर बघ. तुला झोप लागंल असं."

सरजाबाईनं आठ दिवस विचार केला आणि गावी गेली.

नव्या गावठाणातलं घर उभं होतं. कुलूप कधीच तुटलं होतं. चुलत दीर शेषेराव आत कडबा ठेवायचा. त्यानं कुरकुर करत कडबा काढला. सरजाबाईनं निलंग्याकडचा गवंडी बोलावला, चंद्रप्पा नावाचा, साठीचा, काटक. त्याला वाटलं गिलावा करायचा असेल. तो भिंतींवर हात फिरवत खोलीभर हिंडला, वर पाहिलं.

"बाई, ह्याला काय झालंय? ह्या स्लॅबला मीच पाट्या वाहिल्यात. पंच्याण्णव साली. रातंदिवस काम होतं. चौदा वर्सं होत आली, एक चीर दाखवा."

"चीर न्हाई. फोडायचाय."

"काय फोडायचंय?"

"स्लॅब. वर पत्रा टाकायचा."

चंद्रप्पा तिच्याकडं बघत राहिला. "अव्वा, भूकंपात पडू नये म्हणून तर हे बांधलंय."

"पडत न्हाई ते मला माहीत हाय."

"मंग?"

सरजाबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पाय दाखवले. मग दारात बसली, झोपायची तशी, आणि तेही दाखवलं. जास्त सांगितलं नाही. खाली बसून चंद्रप्पानं बिडी काढली, पेटवली नाही, परत ठेवली.

"दोन माणसं लागतील," तो म्हणाला.

चार इंची स्लॅब पाडणं सोपं काम नाही. वर उभं राहून घण घालायचा तर ज्यावर उभं तेच फोडायचं असतं, म्हणून कडेकडेनं मागं सरत यावं लागतं. चंद्रप्पानं आणि त्याच्या जोडीदारानं हातभर पट्टा फोडायचा, सळया उघड्या करायच्या, हेक्सॉनं कापायच्या, मग पुढचा पट्टा. माल चांगला घातलेला होता. घण उडून परत यायचा. पहिल्या दिवशी दीड हात झालं. चंद्रप्पाच्या तळहाताला फोड आले तेव्हा तो म्हणाला, "एवढं पक्कं करायला नको व्हतं," आणि स्वतःच हसला. गावातली माणसं येऊन उभी राहायची. शेषेराव म्हणाला, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. सरजाबाई लिंबाखाली लोडावर पाय ठेवून बसून होती. रोज संध्याकाळी किती फुटलं ते बघून यायची.

सात दिवस लागले. आठव्या दिवशी लोखंडी पाइपांवर पत्रे चढले. हुक आणि वायसर लावून कसले. त्याआधी भिंतींचे अगदी वरचे दोन थरही तिनं काढायला लावले, तिथं पत्राच उभा केला.

पहिल्या रात्री ती आत आडवी झाली. पाय लोडावर. वर पत्रा. वारा आला की वाजायचा. पावणेचारला उठली, पण तोवर झोपली.

जखम भरायला सात महिने लागले. डावा घोटा परत दिसला. उजवा दिसला नाही. नडगीपासून खालची कातडी काळी आणि लाकडासारखी टणक झाली होती, आणि लुंबिनी म्हणाली की ती आता तशीच राहील. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत बसवत नसे. तेव्हा सरजाबाई बाहेर लिंबाखाली लोड घेऊन पडायची. उभं राहून करायचं काम तिला पुन्हा कुणी दिलं नाही, आणि जमलंही नसतं.

तेरा वर्षं, दिवसाला बाराशे चपात्या. त्यातून खाऊनपिऊन, क्लासचे हप्ते भरून जे उरलं होतं ते असं गेलं: चंद्रप्पा आणि त्याच्या जोडीदाराची आठ दिवसांची मजुरी, सोळा पत्रे, सहा पाइप आणि फोडलेला स्लॅब ओढ्यात नेऊन टाकायला ट्रॅक्टरच्या चार खेपा.